चर्चच्या फाटकातला बेंदूर

आमच्या घराण्याला गर्व जरा जास्तच आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. कोल्हापूरच्या माणसाला तसाही तो कमी नसतो, पण आमचा दुहेरी. एक तर आम्ही कोल्हापूरचे, आणि त्यात या भागातल्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती घरांपैकी एक. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही. त्यांनी स्वतःची विहीर खणली. तिचं पाणी गोड निघालं, आणि पुढे एका कडक उन्हाळ्यात गावच घागरी घेऊन आमच्या दारात आलं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की नव्या सुना ती ऐकायला लागल्या की जुन्या सुना उठून स्वयंपाकघरात जातात. मी मात्र अजून बसून ऐकते.

गाव गगनबावड्याच्या रस्त्यावर आहे, शहरापासून फार लांब नाही. मी राहते शिवाजी पेठेत आणि कॉलेजात इतिहास शिकवते, पण रविवारी उपासनेला गावच्या चर्चमध्येच जाते. शहरात मोठी चर्च आहेत, पंखे आहेत, बसायला चांगली बाकं आहेत. आमच्याकडे कौलं गळतात. तरी माझं मन तिथंच लागतं, त्याला काय करणार?

विहिरीनंतर पणजोबांपुढे बैलांचा प्रश्न आला. बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा. आषाढात येतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं मळायचे, दुसऱ्या दिवशी अंघोळ घालून शिंगं रंगवायची, झूल चढवायची, पुरणपोळी चारायची आणि वाजतगाजत मारुतीपुढून न्यायचं. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्याच बेंदराला गावानं निरोप धाडला, तुमची बैलं मारुतीपुढून जाणार नाहीत. पणजोबांनी बैल सजवले होते. सजवलेले बैल दावणीला उभे, आणि जायला जागा नाही. तेव्हा चर्चमध्ये गोरा पाद्री होता. त्यानं म्हणे चर्चच्या आवाराचं फाटक उघडलं. पणजोबा जोडी घेऊन आत गेले, पाद्र्यानं बैलांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि त्याच्या बायकोनं घाबरत घाबरत लांबूनच पोळी पुढे केली.

तेव्हापासून आमच्या ख्रिस्ती घरांच्या जोड्या बेंदराला चर्चच्या फाटकातून जातात. पहिली जोडी आमची, तो मान आमच्या घराचा. पुढं गावाचा राग निवला. मग शेजारच्या जैन घराची जोडी मारुतीपुढून आली की चर्चलाही येऊ लागली. लिंगायतांची आली, मराठ्यांची आली. का, तर पणजोबांच्या बैलांना प्रार्थना झाल्यापासून म्हणे खुरी, म्हणजे खुरांचा रोग, झाली नव्हती. आज गावात ट्रॅक्टर झाले आणि जोड्या कमी झाल्या. ख्रिस्ती घरांत तर एकच जोडी उरली आहे, माझ्या थोरल्या चुलत्यांची.

चुलत्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. वय झालं आहे, पण आवाज अजून बांधावरून बांधाला पोचतो. त्यांच्या मुलानं केव्हाच ट्रॅक्टर घेतला. बैलांना काम उरलेलं नाही, वैरण मात्र लागते. एक व्यापारी दर काही महिन्यांनी येऊन जोडी मागतो. त्याच्याकडे गेलेले म्हातारे बैल पुढं कुठं जातात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी बोलत नाही. आबांनी मुलाला एकच शब्द दिला होता, "चर्चच्या फाटकातनं जात्यात तवर ठेवायची. ज्या वर्षी जायची न्हाईत, त्या वर्षी तुझं तू बग." मुलगा सालस आहे. तो त्या वर्षाची वाट बघत नव्हता, पण हिशेब तोच होता.

आणि ते वर्ष आलं. म्हणजे येईल असं दिसू लागलं.

झालं असं की आमच्या मंडळीला नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले. तरुण, बारीक चणीचे, पुण्याला शिकलेले, मूळचे चंदगडकडचे. उपदेश स्वच्छ, कुणाच्या घरी आजारपण असलं की पावसातही मोटरसायकल काढून जाणार. त्यांच्याबद्दल वाकडं बोलायला जागाच नव्हती, याचा मला थोडा रागही यायचा. बेंदूर महिन्यावर आला तेव्हा त्यांनी उपासनेनंतर शांतपणे सांगितलं की यंदापासून बैल आवारात आणू नयेत. ही मूर्तिपूजकांची रीत आहे, ती आपल्यात कशी आली कुणास ठाऊक, पण ती आता थांबली पाहिजे. पुढच्या रविवारी सभा घेऊ, पंचांसमोर ठरवू.

आबा त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. संध्याकाळी मला फोन आला.

"तू कॉलेजात शिकीवतीस न्हवं?"

"हो आबा."

"कायतरी ख्रिस्ताच्या आदीचं आणि नंतरचं शिकीवतीस न्हवं?"

"हो."

"मग ये आणि त्यास्नी सांग की. हितं माझी बैलं चाल्ल्यात आणि तू तितं पोरांस्नी शिकीवतीस व्हय?"

मला तर हेच पाहिजे होतं. खोटं कशाला बोलू, मला सभा आवडतात. त्यातून विषय माझ्या हातातला. मी आठवडाभर तयारी केली, आणि करताना छाती फुगत गेली. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेते आणि ब्राँझच्या त्या छोट्या मूर्तीपुढे उभं करते. ग्रीकांचा समुद्रदेव. इथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उकरताना सापडला. ज्या गावाला समुद्र नाही त्या गावात समुद्रदेव, आणि तोही ख्रिस्ताच्या काळाच्या आसपासचा. म्हणजे ज्या देवांना पहिल्या ख्रिस्ती लोकांनी नकार दिला, त्यांच्यातला एक आमच्या पंचगंगेच्या काठावर आधीच येऊन बसला होता. पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि पुढं जातात. मी दरवर्षी तेवढ्याच अभिमानानं सांगते.

रविवारी चर्च भरलं होतं. बैलांचा विषय म्हटल्यावर एरवी नाताळलाच दिसणारी तोंडंही आली होती. मी उभी राहिले आणि बोलले.

मी सांगितलं की पहिले ख्रिस्ती लोक काही आभाळातून पडले नव्हते. ती रोमच्या, ग्रीसच्या, इजिप्तच्या गावांतली माणसं होती आणि त्यांच्या हाताला जुन्या सवयी होत्या. रोममध्ये डिसेंबरच्या शेवटी, दिवस मोठा व्हायला लागतो तेव्हा सूर्यदेवाचा सण असे. आपला पंचवीस डिसेंबर त्यावरून आला असं काही अभ्यासक म्हणतात, काही म्हणतात तो वेगळ्याच गणितानं आला. संतांच्या डोक्यामागचं तेजाचं वलय आधी सूर्यदेवाच्या आणि राजांच्या डोक्यामागे असे. खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ ख्रिस्ती चित्रांत आला त्याच्या कितीतरी आधी ग्रीकांनी घडवला होता. मांडीवर बाळ घेतलेली आई इजिप्तमध्ये होती. सम्राटापुढे धूप जाळायला नको म्हणून ज्यांनी जीव दिले, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी तो धूप चर्चमध्ये जाळला. रोमचे शेतकरी पिकावर तांबेरा पडू नये म्हणून एका देवतेची मिरवणूक काढत. पुढं त्याच दिवशी ख्रिस्ती लोक प्रार्थना म्हणत शेतांतून फिरू लागले. तांबेऱ्याचं नाव घेतल्यावर मागच्या बाकांवरची शेतकरी माणसं सरसावून बसली.

मग मी राखून ठेवलेलं शेवटचं काढलं. इंग्लंडात धर्म सांगायला गेलेल्या आपल्या माणसांना रोमच्या धर्मगुरूनं कळवलं होतं, तिथली देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पाणी शिंपडा आणि तीच जागा वापरा. लोकांना सणाला बैल कापायची सवय आहे, तर त्यांना चर्चभोवती डहाळ्यांचे मांडव घालू द्या आणि देवाचे आभार मानून जेवू द्या. मी म्हटलं, गोऱ्यांच्या पूर्वजांना बैल कापून खायची मुभा मिळाली, आणि आमच्या आबांना बैलाला पोळी चारायची मिळू नये? टाळ्या पडल्या. मी मोठ्या रुबाबात खाली बसले.

पाळक उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"ताई, फार छान सांगितलंत. म्हणजे नाताळची तारीख, झाड, मेणबत्त्या, धूप, यातलं बरंचसं मूर्तिपूजकांकडून आलेलं असू शकतं."

"असू शकतं," मी म्हटलं. खात्रीनं सांगता येत नाही, असंही प्रामाणिकपणे जोडलं.

"मग आपण फक्त बैलांपाशीच का थांबायचं?"

 पहिल्या बाकावरची चर्चच्या तरुण संघाची मुलं नुकतीच कुठल्याशा शिबिराला जाऊन आली होती. त्यांनी माना डोलवल्या. एक म्हणाला, झाड तर नकोच, प्लॅस्टिकचं असतं. दुसरा म्हणाला, चांदणीही नको. आमच्या पंचांमध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना ठराव करायला फार आवडतं. त्यांनी लगेच वाक्य जुळवायला घेतलं. बैल बंद. झाड आणि चांदणी यांचा नाताळपूर्वी विचार व्हावा.

मागून एका आजींचा आवाज आला, "आणि करंज्या? करंज्या कुटल्या देवाच्या हाईत?"

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या. "अवो पाळक, प्रभू गोठ्यात जन्मला न्हवं? तितं बैल हुताच की."

पाळक नम्रपणे म्हणाले, "आजी, शास्त्रात गव्हाण आहे, पण बैलाचा उल्लेख नाही. तो चित्रं काढणाऱ्यांनी नंतर घातला."

"गव्हाण हाय आणि बैल न्हाय?" आजी म्हणाल्या. "मग ती गव्हाण काय शोभंला ठिवलीती?"

पण ठराव व्हायचा तो झालाच. चर्चबाहेर बायकांनी मला गाठलं. आमची चांदणी तुझ्यामुळं गेली, नाताळच्या तोंडावर लेकरांना काय सांगायचं, तुला कुणी सांगितलं होतं एवढं शिकायला? एकीनं तर तोंडावर म्हटलं, वकील लावला आणि फाशी झाली.  आबा फाटकाशी छत्री टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"तू बैलं वाचवाय गेलतीस," ते म्हणाले, "आणि नाताळ घालवून आलीस."

घरी आल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं, व्यापाऱ्याला बेंदराच्या दुसऱ्या दिवशी बोलव. मुलगा माझ्याकडं बघत राहिला, जसं काही मीच फोन लावणार होते. काकूंनी पोळ्यांची डाळ निवडायला घेतली होती ती तशीच ठेवली.

मला हार पचत नाही. बेंदराच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून परस्पर गावी गेले आणि चर्चमागच्या पाळकांच्या घरी धडकले. आता या माणसाला चांगलं सुनवायचं, हे ठरवूनच गेले होते. पाऊस होता. त्यांची आई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून आलेल्या आणि मग राहिलेल्या, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. पाळकांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

मी सरळ मुद्द्यालाच हात घातला. पणजोबांची विहीर सांगितली, गावानं अडवलेले बैल सांगितले, गोऱ्या पाद्र्यानं उघडलेलं फाटक सांगितलं. म्हटलं, ही रीत मूर्तिपूजेची नाही, ही आमची आहे. आम्हाला जायला जागा नव्हती तेव्हा चर्चनं जागा दिली, त्याची ही आठवण आहे. अशी गोष्ट कुठल्या मंडळीकडे आहे, सांगा बघू. बोलताना माझा आवाज चढला होता. अभिमान असला की तो चढतोच.

पाळकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुमच्या पणजोबांच्या बैलांपुढे ढोल कोण वाजवत होतं?"

 आमच्या गोष्टीत ढोलवाला नव्हता. ढोल होता. वाजतगाजत गेले, असं आम्ही नेहमी म्हणायचो. वाजवलं कुणी, हे आमच्यात कधी कुणी विचारलं नव्हतं.

"आमच्याकडे चंदगडला माझे आजोबा वाजवायचे," ते म्हणाले. "बैलांचा सण आला की पाटलांच्या दारातून बोलावणं यायचं. दिवसभर बैलांपुढे वाजवायचं. बैल अंगणात जायचे, आजोबा रस्त्यावर थांबायचे. बैलांना पोळी हातानं चारायचे. आजोबांना लांबून टाकायचे."

ओट्यावरून त्यांच्या आईंनी मान वर केली. "पोळी गरम असायची," त्या म्हणाल्या. "मामंजी झेलायचे. खाली पडू द्यायचे न्हाईत. घरी आणून आमाला द्यायचे, तवर गरमच असायची."

एवढं बोलून त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. चहा आला. मी तो प्याले की नाही, आठवत नाही.

"तुम्ही सभेत सांगितलंत, जुन्या धर्मानं नव्याला काय काय दिलं," पाळक म्हणाले. "दिलं असेल. मी नाही म्हणत नाही. पण आमची माणसं ज्या गोष्टी मागं टाकायच्या म्हणून ख्रिस्ताकडे आली, त्या तुमच्या भाषणात कुठंच नव्हत्या. तुमच्या घराला बेंदूर म्हणजे मान. आम्हाला बेंदूर म्हणजे रस्त्यावर उभं राहणं. चर्चच्या आवारात ते मला बघवत नाही."

मी भांडायला गेले होते आणि भांडण तिथंच संपलं. त्यांचं बरोबर होतं. आबांचे बैलही मला तितकेच खरे वाटत होते. रोमपासून इंग्लंडपर्यंत सगळं मला ठाऊक होतं आणि चंदगडचं काही ठाऊक नव्हतं.

आबा गोठ्यात होते. बैलांचे खांदे मळत होते. विकायचे ठरले तरी खांदे मळायचे, असा त्यांचा हिशेब. हळद-तेलाचा वास सुटला होता. मी दावणीला टेकून सगळं सांगितलं, जसंच्या तसं. ते मळत राहिले. पोळीचं सांगितलं तेव्हा हात थांबला.

"झेलायचे म्हणाली?"

"हो."

आबांनी तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "आपल्यात बी तसंच हुतं. मी बारका असताना बगिटलंय. वाजवणारी माणसं फाटकाभाईर थांबायची. तीबी ख्रिस्तीच हुती, लांबच्या वस्तीवरची. उपासनेला आमच्या शेजारी बसायची, आणि बेंदराला भाईर."

"मग कुणी काही म्हटलं नाही?"

"आमी बैलांकडं बगत हुतो की," आबा म्हणाले.

मला वाटलं, संपलं. आता ते बैल व्यापाऱ्याला देतील आणि पाळकांचं बरोबरच होतं म्हणतील. आबा तसे न्यायाचे आहेत. मला रडू आलं ते बैलांसाठी की आबांसाठी, हे माझं मलाच कळलं नाही. रात्री मी तिथंच राहिले.

बेंदराच्या सकाळी पावसाची भुरभुर होती. आबांनी जोडी सजवली, आणि काय सजवली! एक पांढरा, एक तांबूस, दोघांची शिंगं लालभडक, टोकांना गोंडे, अंगावर काकूंनी ठेवणीतून काढलेली झूल. उद्या विकायची जोडी अशी कुणी सजवत नाही. दोन्ही बैल म्हातारे, पण मान ताठ. मला त्या क्षणी आमच्या घराचा, आबांचा आणि त्या बैलांचा जो अभिमान वाटला तो काही केल्या लपेना.

"ढोल कुठाय?" मी विचारलं.

"यंदा न्हाय," आबा म्हणाले.

ढोलाशिवाय आमची जोडी वाटेला लागली. घुंगरांचा तेवढा आवाज. दारादारांतून माणसं बघत होती, ठरावाचं सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. मारुतीपुढून आलेल्या गावातल्या दोन-चार जोड्या नेहमीसारख्या आमच्या मागं लागल्या. सगळ्यात पुढं शेजारच्या जैन काकांची होती.

चर्चचं फाटक बंद होतं, आतून कडी. आत पाळक छत्री घेऊन उभे, शेजारी पंच. ठराव करणारे गृहस्थ जरा मागं, कारण त्यांची जैन काकांशी रोजची उठबस.

"सलाम, पाळकसाहेब," आबा म्हणाले.

"सलाम, आबा. तुम्हाला माहीत आहे..."

"व्हय, म्हाईत हाय. मी बैलं आत आणायची न्हाईत. मी आणत न्हाय." आबांनी कासरा फाटकाच्या गजांमधून आत सरकवला. "हे तेवढं धरा."

पाळकांना कळेना. "मी?"

"मानाची जोडी हाय. पुढं चालाय कोणतरी लागतंय. आजपातूर आमच्या घरातलं चालत हुतं." आबांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण जरा अडखळला. "यंदापास्नं तुमच्या घरातलं. मी मागनं येतो. तुमाला न्यायची तितं न्या. न्हायच न्यायची तर हितंच उभं ऱ्हावा, बैलं बी उभी ऱ्हात्यात. पर कासरा तुमच्या हातात पायजे."

 मानाची जोडी आमच्या घराबाहेर जाते आहे, हे मला तेव्हा कळलं. पणजोबांपासूनचा मान.  मान असा देता येतो, हे मला कुठल्या व्याख्यानात सुचलं नव्हतं.

पाळकांच्या आई ओट्यावरून उतरून फाटकापाशी आल्या. डोक्यावर पदर नाही, छत्री नाही.  नुसत्या लेकाकडं बघत उभ्या राहिल्या.

मागून जैन काकांनी हाळी दिली, "काय ठरतंय ते ठरवा की वो! आमची झूल भिजाय लागलीया!"

पाळकांनी छत्री पंचांच्या हातात दिली. कडी काढली. बाहेर आले आणि आबांसमोर उभं राहून कासरा घेतला. घेतला तो हाताला गुंडाळून.

"तसा नगं," आबा म्हणाले. "गुंडाळू नगा. वडलं तर फरफटत न्हील." त्यांनी पाळकांची मूठ उघडून कासरा नीट धरायला लावला. म्हातारा हात वर, तरुण हात खाली, असे ते थोडा वेळ उभे होते. मग आबा मागं आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते जोडीच्या मागं चालणार होते.

"पाळकसाहेब, पण ठराव..." आतून एक पंच म्हणाले.

"मी आणतोय," पाळक म्हणाले. "उद्या मला विचारा."

आणि ते जोडी घेऊन आत गेले. बैलांना त्यांची चाल ओळखीची नव्हती, ते जरा बिचकले, पण गेले. मागं गावाच्या जोड्या गेल्या. आवारात चिखल झाला, दरवर्षी होतो तसाच. पाळकांनी पांढऱ्या बैलाच्या कपाळावर हात ठेवला. प्रार्थना त्यांनी फार मोठी केली नाही. ज्या खांद्यांवर जू बसलं त्यांच्यासाठी केली. जे पुढं चालून वाजवत राहिले आणि रस्त्यावर थांबले, त्यांच्यासाठी केली. आपल्या आजोबांचं नावही त्यांनी घेतलं. सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणाले ते जैन काका.

काकूंनी पोळ्यांचं ताट आणलं. रात्री डाळ शिजत टाकली होती ते मला ठाऊकच नव्हतं. त्या ताट घेऊन बैलांकडं न जाता आधी पाळकांच्या आईंकडं गेल्या. जवळ जाऊन, त्यांचा हात हातात घेऊन त्यावर पोळी ठेवली. आईंनी ती मोडली. अर्धी बैलाच्या तोंडात दिली आणि अर्धी तिथंच, पावसात उभ्या उभ्या खाल्ली.

आबांचा मुलगा माझ्या मागं उभा होता. तो पुढं झाला आणि हळूच आबांना विचारलं, "आबा, उद्या व्यापारी यायचा हाय. त्याला काय सांगू?"

"मला काय इचारतोस?" आबा म्हणाले. "कासरा त्यांच्या हातात हाय. त्यास्नी इचार."

मुलानं पाळकांकडं बघितलं. पाळकांनी कासरा अजून सोडला नव्हता.

"येऊ नको म्हणावं त्याला," ते म्हणाले.